वत्सलाताईंची तीन मिनिटं

जानेवारीतला शेवटचा रविवार, दुपारी जेवणानंतर. रक्कम सात चिंचोके. स्थळ वणी, आमच्या शेजारच्या वत्सला मेश्राम यांची पुढची खोली. हजर : स्वतः वत्सलाताई, ट्रकमालक पिंपळकर, माझी बायको मंदा आणि मी. पाचवा एक अजगर होता, तोंडातून आग ओकणारा, पण तो गोष्टीतला असल्यामुळे त्याची सही घेता आली नाही.

एवढं लिहिल्यावर बरं वाटलं. कोळसा वाहतुकीच्या एका कंपनीत मी अर्धं आयुष्य हिशेब लिहिले आहेत. तारीख, रक्कम आणि हजर माणसं कागदावर आल्याशिवाय एखादी गोष्ट खरंच घडली यावर माझा विश्वास बसत नाही. वत्सलाताईंचं याच्या अगदी उलट होतं. मी काही सांगायला लागलो आणि तारखेपासून सुरुवात केली की त्या हात वर करत. "भाऊ, तारीख राहू द्या. कोण काय म्हणलं ते सांगा."

हा त्यांच्या नोकरीचा परिणाम असावा. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलच्या काळात लागल्या, पुढे यंत्रं आली तेव्हा काउंटरवर बसल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. पण काउंटरची वर्षं त्या नोकरीत धरत नसत. बारीक चणीच्या बाई, पांढरे केस आणि डोक्यावर जिथे हेडफोनची पट्टी बसायची तिथले केस अजून थोडे चपटे. कोणी बोलू लागलं की डावा हात आपोआप कानावर जाई आणि डोळे मिटत. भाजीवाल्याचं ऐकतानाही तेच. नवा भाजीवाला घाबरून भाव कमी करायचा.

सगळ्या गावाचे लग्न-मयताचे निरोप त्यांच्या कानांवरून गेलेले. पण कोणाबद्दल कधी एक शब्द नाही. मंदाने एकदा खूप खोदून पाहिलं. त्या म्हणाल्या, "ऐकलं ते विसरायचाच तर पगार घेतला मी."

आता खेळाबद्दल. आमची मुलगी केतकी पुण्याला शिकते. एका दिवाळीत ती इंग्रजी जाडजूड पुस्तक आणि विचित्र फासे घेऊन आली. एका फाशाला तर वीस पैलू. खेळ असा की टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कोणी योद्धा, कोणी जादूगार. सांगणारा म्हणतो, समोर नदी आहे. आपण म्हणायचं, मी पोहतो. पोहता येतं की बुडतो ते फासा ठरवतो. मला आधी हे शुद्ध वेड वाटलं. मग केतकीने पुस्तकातली कोष्टकं दाखवली आणि मी खुर्ची पुढे ओढली.

वत्सलाताई आमचं पातेलं परत द्यायला आल्या होत्या. पातेलं हातात तसंच धरून त्या दाराशी उभ्या राहिल्या, हळूहळू डावा हात कानावर गेला. सुट्टी संपून केतकी निघाली तर बॅग उचलायच्या आधीच यांनी तिला अडवलं. "पोरी, तो पुलावरचा राक्षस, त्याचं पुढं काय झालं?"

केतकी म्हणाली, "ताई, आता तुम्हीच सांगा ना. तुमचा आवाज भारी आहे."

आवाज खरंच भारी होता. मोठा नव्हे, पण खोलीत कुठेही बसा, तुमच्याच कानात बोलल्यासारखा. तेव्हापासून दर रविवारी दुपारी त्यांच्या पुढच्या खोलीत, बुद्धाच्या तसबिरीखाली, आमचा खेळ बसू लागला. पुस्तकातला परदेश त्यांनी पहिल्याच आठवड्यात बाद केला. ड्रॅगनचा अजगर झाला आणि तो डोंगरात राहायचा सोडून एका बंद पडलेल्या कोळसा खाणीत राहायला आला. वणीच्या माणसाला जमिनीखालची आग समजावून सांगावी लागत नाही. पिंपळकर झाले ढोल्या नावाचे पैलवान. मंदा झाली काजळी नावाची चेटकीण. तिची अडचण एवढीच की तिला कोणालाच मारायचं नसे, ती प्रत्येक राक्षसाशी बोलायला जाई. मी धनपाल. तलवारबाज, पण कमरेला तराजू. पिंपळकर म्हणाले, "वा, अकाउंटंट साहेब! लय लांबचा विचार केला तुमी."

लढाईचे नियम सांभाळायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. पुस्तकातले नियम मुळात लांबलचक होते, तरी मला त्यांत त्रुटी आढळल्या. पावसात धनुष्याची दोरी ओली होते, याचा विचार केलेला नव्हता. चढावरून वार करणारा आणि उतारावरून वार करणारा यांत फरक नव्हता. पोटभर जेवलेला माणूस हळू पळतो, याची तर दखलच नाही. मी फुलस्केप कागदांवर तक्ते केले. फासा टाकायचा, त्यात ताकद मिळवायची, चिलखत वजा करायचं, पाठीवरच्या ओझ्याला भागायचं. दशांशाचे आकडे मी दोन स्थळांपर्यंत ठेवायचो. उगाच कोणावर अन्याय नको.

तर एका दिवाळीनंतर तीन लांडग्यांनी आमच्यावर हल्ला केला. त्यातला एक ढोल्याच्या अंगावर झेपावला आणि मी म्हणालो, "थांबा, उडीचा कोन काढू." तो रविवार संपला. पुढच्या रविवारी ओल्या गवताचा मुद्दा निघाला. त्यानंतरच्या रविवारी पिंपळकरांच्या मुलाचा साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. एकदा मी तक्ते ऑफिसात विसरलो. संक्रांतीचे तिळगूळ खाऊन झाले आणि मी पुन्हा पेन्सिलीला टोक केलं, तेव्हा वत्सलाताईंनी डोळे उघडले.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "हा लांडगा दिवाळीपासून हवेत हाय. त्याले खाली तरी उतरवा. पाय दुखले असतीन बिचाऱ्याचे."

पिंपळकरांनी मांडीवर थाप मारली. "टोल नाक्यावर इतका टाइम लागत नाही मले, अन् तिथं तर मी भांडून राह्यतो."

मंदा म्हणाली, "मी केव्हाची म्हणून राह्यली, त्या लांडग्याले विचारा काहून आला म्हणून."

मी सांगितलं की अचूकतेला वेळ लागतो. तिघांनीही मान डोलावली, जशी बँकेत 'सर्व्हर डाउन आहे' ऐकल्यावर लोक डोलावतात. लांडगा पुढच्या रविवारी उतरला. फासा टाकला, गणित केलं, त्याचा नेम चुकला होता.

असंच चाललं असतं. पण गेला पोळा झाल्यावर वत्सलाताईंच्या हैदराबादच्या मुलाने घर विकायचं ठरवलं. त्यांचे गुडघे गेले होते, एकटीने राहणं कठीण होतं, आणि त्यांचंही म्हणणं तेच होतं. जानेवारीअखेर जायचं ठरलं. केतकी फोनवर म्हणाली, यात काय, व्हिडिओवर खेळा. वत्सलाताई म्हणाल्या, "जन्मभर लोकायले तारेवर जोडलं मी. गोष्ट तरी समोर बसून सांगू द्या."

मग दिवाळीनंतर एका रविवारी त्यांनी आम्हा तिघांना बसवलं. गोष्ट खाणीच्या तोंडाशी येऊन थांबली होती. आत अजगर आणि अजगराच्या मागे काय आहे ते त्यांना दोन वर्षांपासून माहीत होतं. मी हिशेब सांगितला : माझ्या नियमांनी अजगराची लढाई पुढल्या गणपतीपर्यंत जाईल, तीही अजगर आजारी असला तर.

"म्हणून नियम बदलायचे," त्या म्हणाल्या. "गोष्ट अर्धी ठेवून मी जाणार नाही."

"घाई कायले करता?" मी म्हणालो. माझ्या तोंडी वऱ्हाडी तेव्हाच येते जेव्हा मी हरत असतो. "अर्धी राहिली तर राहिली. गोष्टच आहे ना."

तेव्हा त्यांनी विसरायचा पगार घेतलेली एक गोष्ट पहिल्यांदा सांगितली. ढाणकीचा एक कापसाचा व्यापारी होता. सगळ्या नोकरीत हा एकच माणूस, जो नंबर मागायच्या आधी विचारायचा, "बाई, जेवण झालं का?" बाकीच्यांसाठी त्या म्हणजे तारेचा तुकडा. हा मात्र रोज. ("तेव्हा मीटर चालू व्हायचं होतं," मी बोलून गेलो. "होय," त्या म्हणाल्या, "हिशेबी होता मोठा.") वणीला त्याचा भाऊ होता. दोघांचं कशावरून तरी बिनसलेलं आणि कित्येक महिन्यांनी त्याने भावाला फोन केला. तीन मिनिटांचा कॉल. दोघं भाव बोलले, पाऊस बोलले, पोराबाळांचं बोलले. शेवटी व्यापारी म्हणाला, "अन् एक सांगायचं राह्यलं—" आणि लाइन तुटली. वादळाने खांब पडले होते. लाइन आली तोवर चार दिवस गेले. वत्सलाताईंनी स्वतःहून ढाणकीला फोन लावला. उचलणाऱ्याने सांगितलं, शेठ वारले.

"जे ऐकलं ते सगळं विसरली मी," वत्सलाताई म्हणाल्या. "जे ऐकलं नाही तेच डोक्यात बसलं. माणूस कामाचं नेहमी शेवटच्या दहा सेकंदांत बोलते, भाऊ. म्हणून सांगून राह्यली, संपवून टाकू."

मी तक्ते चाळून बाजूला ठेवले.

नवे नियम त्यांनी एका दमात सांगितले, मला लिहायलाही वेळ दिला नाही. प्रत्येक लढाईला प्रत्येकाला दहा चिंचोके, तोच त्याचा जीव. वीस पैलूंचा फासा बंद, घरातला सापशिडीचा फासा घ्यायचा. चार किंवा जास्त पडले की वार लागला, समोरच्याचा एक चिंचोका गेला. लढाई तीन फेऱ्यांची, ट्रंक कॉलच्या तीन मिनिटांसारखी. तिसरी फेरी संपली की लाइन कट, ज्याच्याकडे चिंचोके जास्त तो जिंकला. आणि वार कोणी आधी करायचा यावरून मी जो तासभर घालवायचो, त्याच्याऐवजी ट्रंक कॉलचे तीन दर. ऑर्डिनरी, म्हणजे आपली पाळी आल्यावर, फुकट. अर्जंट, म्हणजे दुसऱ्याच्या आधी घुसायचं, एक चिंचोका. आणि लाइटनिंग. लाइटनिंग कॉल लागला की सगळ्या लाइनी बाजूला, तुमचं होईपर्यंत समोरच्याने हालायचंही नाही. त्याचे सात.

"लाइटनिंगचा दर आठपट होता," मी म्हणालो. हे मला वडिलांमुळे माहीत होतं, ते असले दर तोंडपाठ ठेवत.

"होता. पण आठ म्हणलं तर तुमी कधीच करणार नाही. एक सोडला तुमाले."

"आणि तलवारीचा वार अन् चमच्याचा वार सारखाच?"

"सारखाच. फक्त चमच्यानं मारलं तर लोक ती गोष्ट जास्त दिवस सांगतात."

पिंपळकरांनी लगेच विचारलं की दुसऱ्याच्या नावावर कॉल बुक करता येतो का. वत्सलाताई म्हणाल्या, येतो. पैसे कोणी भरले ते एक्स्चेंज विचारत नाही.

मी मतदान मागितलं. तीन विरुद्ध एक. मी निषेध नोंदवायला कागद मागितला, तोही मिळाला नाही.

त्या नियमांनी आम्ही दोन महिन्यांत जितकं फिरलो तितकं आधीच्या दोन वर्षांत फिरलो नव्हतो. दरोडेखोर चहा उकळायच्या आत आटोपले. काजळीने एका वेताळाशी बोलून त्याला खाणीचा वाटाड्या केला. मी मात्र सुधारलो नाही. लाइटनिंग मी एकदाच वापरला, तोही एका दारावर, आत कोणीतरी दबा धरून बसलं असेल म्हणून. दार ढकलायचं नव्हतं, ओढायचं होतं. पिंपळकर ही गोष्ट पेट्रोल पंपावरसुद्धा सांगतात.

तर तो शेवटचा रविवार. खोलीतल्या खुर्च्या बांधून झाल्या होत्या, आम्ही गुंडाळलेल्या गाद्यांवर बसलो. खोक्यांवर अंक टाकायला मी सुचवलं होतं, वत्सलाताईंनी 'डबे', 'पांघरुणं', 'काहीबाही' असं लिहिलं होतं. त्यांच्या कपबशा ज्या कागदांत गुंडाळल्या होत्या ते मी ओळखले. ओल्या धनुष्याचा तक्ता एका बशीभोवती होता. "कागद लय चांगले हायेत तुमचे," त्या म्हणाल्या. "जाड." तसबीर तेवढी अजून भिंतीवर होती, ती सकाळी सगळ्यांत शेवटी उतरवायची होती.

अजगराला त्यांनी तीस चिंचोके दिले. आम्हा तिघांचे मिळून तेवढेच. पहिल्या फेरीत त्याने आग ओकली (तिचा झोत एकदम सात-आठ चिंचोक्यांचा, हे आधी ठरलं होतं) आणि ढोल्या भाजला. दुसऱ्या फेरीत काजळी भाजली. मी एका खांबामागे उभा होतो, मला तीन चिंचोक्यांची नुसती झळ लागली. तिथे आगीचा धोका कमी पडतो हे मी तोंडी काढलं होतं. तिसऱ्या फेरीला ढोल्याकडे तीन उरले, काजळीकडे दोन, माझ्याकडे सात. अजगराकडे पंचवीस. आता कितीही फासे टाका, बेरीज जमत नव्हती. लाइन कट होणार आणि आम्ही राख. गोष्ट संपणार, पण अजगराच्या मागे काय होतं ते न कळता.

मला दिसलं की वत्सलाताईंना हे नको होतं. पण स्वतः केलेला नियम त्या मोडणार नव्हत्या. डोळे मिटलेले, हात कानावर. "तीन मिनिटं होत आले," त्या म्हणाल्या.

मंदा म्हणाली, "मले त्या अजगराशी बोलायचं हाय."

"बोलेपर्यंत जाळून टाकन तो," पिंपळकर म्हणाले. "लाइटनिंग लागते. तुमच्याकडे दोन हायेत, वहिनी."

मग तिघंही माझ्याकडे पाहू लागले. म्हणजे दोघं. वत्सलाताईंचे डोळे मिटलेलेच होते.

मी हिशेब केला. नाही म्हणून कशाला सांगू? सात दिले तर माझ्याकडे शून्य, धनपाल मेला. आणि मंदा बोलणार काय याची खात्री नाही; बत्तीस वर्षांचा अनुभव आहे. खांबामागे थांबलो तरी मरायचंच होतं, पण सात शिल्लक ठेवून. खरं सांगतो, क्षणभर मला ते अधिक बरं वाटलं. मग बशीभोवतीचा माझा तक्ता दिसला आणि मी चिंचोके पुढे सरकवले. "काजळीच्या नावावर," मी म्हणालो. "लाइटनिंग."

मंदा थोडी पुढे सरकली. गेली दोन वर्षं ती ज्या आवाजात राक्षसांशी बोलायची तो तिने काढला नाही. शेजारणीशी बोलतात त्या आवाजात तिने विचारलं, "बाई, जेवण झालं का?"

वत्सलाताईंचा हात कानावरच होता. पिंपळकरांनी खोकला दाबला. मग त्या अजगराच्या आवाजात म्हणाल्या, "नाही. इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नाही." आणि अजगर बाजूला सरकला.

मागे खजिना नव्हता. मी मेलो होतो, तरी खजिना तोलायला तराजू सोडला होता, तो परत कमरेला लावला. मागे एक लहान खोली, एक स्टूल, आणि भिंतीतून लोंबणारी एक तार. तारेतून माणसाचा आवाज येत होता, पुन्हा पुन्हा तेवढंच : अन् एक सांगायचं राह्यलं.

वत्सलाताईंनी डोळे उघडले. "इथपर्यंतच येते मले," त्या म्हणाल्या. "पुढचं मी लय वेळा जुळवून पाह्यलं. माझ्या मनचं मले खरं वाटत नाही. तुमी सांगा, काय राह्यलं असन?"

पिंपळकर म्हणाले, "कापसाचा भाव."

"तो झालता सांगून."

मंदा म्हणाली, "घरी ये म्हणाला असन." वत्सलाताईंनी मान हलवली, पण तशीच, बरं दिसावं म्हणून.

मग माझ्याकडे पाहिलं. मला असल्या वेळी सुचत नाही. मला जे खरंच वाटलं ते मी सांगितलं. "कॉल त्याने केला होता ना? तीन मिनिटं दोघं बोलले. मला वाटतं तो म्हणणार होता, पुढच्या वेळी बिल अर्धं-अर्धं करू."

 मंदाने माझ्याकडे असं पाहिलं की आता घरी गेल्यावर आपलं काही खरं नाही.

आणि वत्सलाताई हसायला लागल्या. आधी नुसते खांदे, मग पूर्ण, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "पुढच्या वेळी," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी म्हणलं असन त्यानं. अवो, तेच! अगदी तेच. हिशेबी माणूस, पुढच्या कॉलचंही ठरवून ठेवन." पिंपळकर हसले, मंदा हसली. मी का हसत होतो मला माहीत नव्हतं, पण हसत होतो. त्यांनी हात लांब करून हवेतली तार हळूच जागेवर ठेवली. "झालं," त्या म्हणाल्या. "लाइन क्लिअर."

सोमवारी सकाळी पिंपळकरांच्या ट्रकमध्ये सामान चढलं. भाडं त्यांनी घेतलं नाही, आणि मी पहिल्यांदाच त्यांना त्याचं कारण विचारलं नाही. मुलगा गाडी घेऊन आला होता. तसबीर मांडीवर घेऊन वत्सलाताई पुढे बसल्या. मंदाने डबा दिला. मी खिडकीशी जाऊन विचारलं, "चिंचोके बांधले का? नाहीतर मी मोजून..."

त्यांनी पदराची गाठ दाखवली. "बाकीचे तुमच्याकडे ठेवा. सात मी घेतले. ते माझे हायेत, कॉलचे."

गाडी सुरू झाली. चौकात वळताना त्यांचा डावा हात कानावर गेलेला दिसला. मागे कोणीतरी काही म्हणतंय का, हे बहुतेक ऐकत होत्या.  मग हात वर करून मी ओरडलो, "जेवून घ्या!"

सात चिंचोके, रोख, वत्सला मेश्राम यांना दिले. पावती मागितली नाही.